विंडोज ११ वर जुने सॉफ्टवेअर चालवणे: पेजमेकर, मराठी फॉन्ट आणि डॉसमधले हिशेब

मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चे आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. त्यामुळे आजवर जुन्या संगणकावर निभावून नेणाऱ्या अनेकांना नवा संगणक घ्यावा लागत आहे आणि नव्या संगणकासोबत विंडोज ११ येते. महाराष्ट्रातल्या कित्येक छापखान्यांत, लहान साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत आणि लग्नपत्रिका करून देणाऱ्या दुकानांत मात्र काम आजही अ‍ॅडोबी पेजमेकर ७.० या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालते. हे सॉफ्टवेअर २००१ साली बाजारात आले आणि त्यानंतर त्याची नवी मोठी आवृत्ती निघालीच नाही. पतसंस्था, किराणा घाऊक व्यापारी आणि शाळांची कार्यालये यांच्याकडे फॉक्सप्रो या डेटाबेसच्या जुन्या साधनात लिहून घेतलेले हिशेबाचे प्रोग्राम असतात. ‘नवीन सॉफ्टवेअर घ्या’ असे सांगणे सोपे आहे, परंतु ज्यांच्या वीस वर्षांच्या फाइली एका विशिष्ट प्रोग्राममध्ये आणि एका विशिष्ट फॉन्टमध्ये अडकलेल्या आहेत, त्यांच्यासाठी तो सल्ला पुरेसा नाही.

‘जुने सॉफ्टवेअर चालत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिची कारणे वेगवेगळी असतात. प्रोग्राम १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या घडणीचा, असू शकतो, त्याला हव्या त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसते, त्याचा ड्रायव्हर (एखादे उपकरण विंडोजला जोडून देणारा लहान प्रोग्राम) किंवा लॉक (सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून संगणकाला लावायचे उपकरण) नवे विंडोज स्वीकारत नाही, किंवा त्याला लागणारा एखादा जुना घटक आता आपोआप बसत नाही. प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे. म्हणून आधी कारण ओळखावे, मग सर्वांत हलका उपाय करून पाहावा आणि तो लागू पडला नाही तरच पुढच्या, जड उपायाकडे जावे. इंटरनेटवर सापडलेले सगळे उपाय एकाच दुपारी एकावर एक करून पाहिले, तर शेवटी प्रोग्राम चालला तरी तो कशामुळे चालला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

जुना संगणक बाजूला ठेवण्यापूर्वी

जुना संगणक सुरू होत आहे तोपर्यंत त्याच्यावरच काही कामे उरकून घ्यावीत. मूळ सीडी असल्यास तिची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलमधली जशीच्या तशी प्रत, तयार करावी. नव्या लॅपटॉपना बहुधा सीडी ड्राइव्ह नसतो, आणि विंडोज ११ मध्ये आयएसओ फाइलवर दोनदा क्लिक केले की ती सीडीसारखीच उघडते. सीरियल नंबर, सॉफ्टवेअर नोंदणीची कागदपत्रे आणि लॉकसोबत आलेली सीडी एकत्र करावी. प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये बसवलेला आहे तो पूर्ण फोल्डर, विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर आणि सर्व कामाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. प्रोग्रामच्या सेटिंगच्या खिडक्या उघडून त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. कोणता प्रिंटर ड्रायव्हर होता, कागदाचा आकार काय होता, की-बोर्डचा कोणता लेआउट निवडलेला होता, या गोष्टी आठवणीवर सोडण्यासारख्या नसतात.

नव्या संगणकावर किमान एक पूर्ण अंक छापून किंवा एका महिन्याचा हिशेब बंद करून होईपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये.

प्रोग्राम किती बिटचा आहे, हे आधी पाहावे

विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते. त्यात ३२ बिटचे प्रोग्राम चालवण्याची अंगभूत सोय आहे, म्हणून पेजमेकर ७.० सारखे ३२ बिटचे जुने प्रोग्रामही त्यावर चालू शकतात. १६ बिटचे प्रोग्राम चालवणारा घटक मात्र ६४ बिटच्या विंडोजमध्ये नाहीच. म्हणजे डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीचे आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम कोणतीही सेटिंग बदलून थेट चालणार नाहीत. ‘हे अ‍ॅप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा निळा फलक समोर आला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

खात्री करून घेण्याचा एक साधा मार्ग आहे. प्रोग्रामच्या मुख्य ईएक्सई फाइलची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये करावी आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. मूळ फाइल उघडू नये, आणि प्रतही सेव्ह करू नये. सुरुवातीला एम आणि झेड ही दोन रोमन अक्षरे दिसतील. एमएस-डॉसच्या काळात ही फाइलरचना ठरवणारे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे आहेत आणि आजच्या प्रोग्राममध्येही ती असतात. त्यानंतर थोड्याच अंतरावर ‘हा प्रोग्राम डॉसमध्ये चालवता येणार नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आणि पुढे पी व ई ही अक्षरे दिसली, तर प्रोग्राम ३२ किंवा ६४ बिटचा आहे. पी-ई च्या जागी एन-ई असेल, तर तो १६ बिटचा विंडोज प्रोग्राम समजावा. यांपैकी काहीच नसेल, तर तो बहुधा निव्वळ डॉसचा असतो.

येथे एक फसवी शक्यता लक्षात ठेवावी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले काही प्रोग्राम स्वतः ३२ बिटचे असले तरी त्यांचा सेटअप १६ बिटचा असे. असा सेटअप सुरूच होत नाही आणि आपण प्रोग्रामला दोष देतो. काही ओळखीच्या जुन्या इन्स्टॉलरच्या जागी विंडोज स्वतःच ३२ बिटची आवृत्ती वापरते. तसे झाले नाही, तर जुन्या संगणकावरून उतरवून ठेवलेला पूर्ण फोल्डर नव्या संगणकावर ठेवून थेट त्यातली ईएक्सई चालवून पाहावी. प्रोग्राम साधा असेल, तर तेवढ्याने काम होते.

कोठे बसवावे

जुने प्रोग्राम आपल्या सेटिंग आणि कित्येकदा कामाच्या फाइलीही स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. विंडोज एक्सपीपर्यंत त्याला कोणी हरकत घेत नसे, कारण बहुतेक लोक प्रशासकाच्या खात्यानेच काम करत. व्हिस्टापासून ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये लिहिण्यास सामान्य परवानगी राहिली नाही. जुन्या प्रोग्रामने तेथे लिहिण्याचा प्रयत्न केला, की विंडोज त्याला अडवत नाही, परंतु ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या जागी नेऊन ठेवते. प्रोग्रामला मात्र आपण जागच्या जागीच लिहिले असे वाटते.

यातून होणारा घोळ मोठा असतो. समजा, हिशेबाच्या एका प्रोग्राममध्ये कारकुनाने आठवडाभर नोंदी केल्या. त्या सगळ्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये गेल्या. मग कोणीतरी सुचवले म्हणून तोच प्रोग्राम प्रशासक म्हणून चालवला. आता विंडोज व्हर्च्युअलस्टोअरकडे पाहत नाही, प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मधली मूळ फाइल उघडतो आणि आठवड्याच्या नोंदी नाहीशा झाल्यासारख्या दिसतात. त्या गेलेल्या नसतात, पण जो बॅकअप रोज ‘प्रोग्राम फाइल्स’मधून घेतला जात होता त्यातही त्या नसतात. नोंदी हरवल्याची शंका आली, तर नव्याने टंकायला बसण्यापूर्वी व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहावे.

हा सगळा प्रकार टाळण्याचा उपाय सोपा आहे. जुना प्रोग्राम बसवताना सेटअपने सुचवलेली जागा न स्वीकारता सी ड्राइव्हवर थेट एखादा लहान नावाचा फोल्डर करून तेथे बसवावा. नावात रिकामी जागा आणि मराठी अक्षरे नसावीत, कारण काही जुन्या प्रोग्रामना ती चालत नाहीत. माझ्या मते ‘प्रशासक म्हणून चालवा’ हा सल्ला जितक्या सहज दिला जातो तितका तो निरुपद्रवी नाही. प्रशासक म्हणून सुरू केलेल्या प्रोग्रामला नेटवर्कवरचे जोडलेले ड्राइव्ह बहुधा दिसत नाहीत, एक्सप्लोररमधून फाइल ओढून त्यात टाकता येत नाही, आणि त्या प्रोग्राममध्ये काही दोष असल्यास तो पूर्ण संगणकाला भोवतो. सेटअप चालवताना प्रशासकाची परवानगी द्यावी. रोजच्या वापरासाठी आधी फोल्डरची जागा बदलून पाहावी.

कंपॅटिबिलिटीचा टॅब काय करतो

प्रोग्रामच्या ईएक्सई फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि त्यातल्या कंपॅटिबिलिटी या टॅबवर जावे. विंडोज ९५ पासून विंडोज ८ पर्यंतच्या आवृत्त्यांची यादी तेथे असते. एखादी आवृत्ती निवडल्याने संगणकात ते जुने विंडोज येत नाही. विंडोज त्या प्रोग्रामला आपला जुना आवृत्ती क्रमांक सांगते आणि काही बाबतींत जुन्या विंडोजप्रमाणे वागते, इतकेच. ‘हा प्रोग्राम या विंडोजसाठी नाही’ असे म्हणून जो सेटअप थांबतो, त्याच्यासाठी हा उपाय नेमका आहे. १६ बिटच्या प्रोग्रामला किंवा जुन्या ड्रायव्हरला त्याचा काहीही उपयोग नाही. पेजमेकरच्या काळातल्या प्रोग्रामसाठी विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ पासून सुरुवात करावी.

याच टॅबवर डीपीआयच्या (पडद्यावरच्या ठिपक्यांच्या दाटीच्या) सेटिंगचे एक बटण आहे, त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. नव्या संगणकाचे पडदे दाट असतात आणि त्यामुळे जुन्या प्रोग्रामची बटणे मुंगीएवढी दिसतात, खिडक्यांमधला मजकूर कापला जातो किंवा सगळेच पुसट दिसते. त्या बटणाच्या खिडकीत शेवटच्या चौकोनावर टिक करून मोजमापाचे काम ‘सिस्टिम’कडे सोपवावे. अक्षरे पुसट वाटल्यास ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ हा पर्याय पाहावा. दिवसभर पानांची जुळणी करणाऱ्या ऑपरेटरच्या डोळ्यांचा हा प्रश्न आहे, म्हणून त्यासाठी पाच मिनिटे अवश्य द्यावीत.

काही प्रोग्रामना डॉटनेट ३.५ हे मायक्रोसॉफ्टचे पूरक सॉफ्टवेअर लागते. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोजच्या वैकल्पिक सुविधांच्या यादीत ते सुरू करण्याची सोय असते. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामचा मूळ रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालण्यासाठी लागणारा आधारभाग, विंडोजसोबतच येतो, परंतु ओसीएक्स नावाच्या पूरक फाइली सॉफ्टवेअरसोबतच याव्या लागतात. त्या एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून उतरवू नयेत, मूळ सीडीवरून किंवा जुन्या संगणकावरून घ्याव्यात. विंडोज ९८ च्या काळातली एचएलपी प्रकारची मदत-पाने विंडोज १० पासून उघडत नाहीत, आणि त्यासाठी फार वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पेजमेकर आणि मराठी फॉन्ट

पेजमेकर सुरू झाला म्हणजे काम संपले असे होत नाही, कारण खरी अडचण पान उघडल्यावर दिसते. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम किंवा शिवाजी या पद्धतीचे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली, येण्यापूर्वीच्या पद्धतीचे आहेत. त्यांत देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. साध्या रोमन अक्षरांच्या जागा पुरत नसल्याने अर्धी अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे यांपैकी पुष्कळशी १२८ ते २५५ या क्रमांकांच्या वरच्या जागांत ठेवलेली असतात. म्हणून त्या वरच्या जागांचा अर्थ बदलला, की पानावर मूळ अक्षरे बरोबर दिसतात, पण मात्रा आणि जोडाक्षरे गळतात किंवा त्यांच्या जागी चौकोन येतात.

हे घडण्याचे एक कारण विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये असते. टाइम अँड लँग्वेजमधून भाषेच्या प्रशासकीय सेटिंगमध्ये जावे आणि युनिकोड नसलेल्या प्रोग्रामसाठी कोणती भाषा निवडली आहे ते पाहावे. तेथे इंग्रजी असावी. मराठी काम करायचे म्हणून मराठी निवडणे येथे चुकीचे ठरते, कारण हे जुने फॉन्ट विंडोजच्या दृष्टीने इंग्रजीच आहेत. त्याच खिडकीत युटीएफ-८ (युनिकोडचे एक रूप) वापरण्याचा, ‘बीटा’ असे लिहिलेला एक चौकोन आहे. त्यावर टिक असेल, तर ती काढून संगणक पुन्हा सुरू करावा. नव्या विंडोजवर मात्रा गळत असतील, तर फॉन्ट पुन्हा पुन्हा बसवण्याआधी ही एक जागा पाहून घ्यावी.

दुसरी गोष्ट फॉन्ट बसवण्याची. विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका अद्यतनापासून फॉन्टवर उजवे क्लिक करून नुसते ‘इन्स्टॉल’ म्हटले, तर तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरमध्ये जात नाही. काही जुन्या प्रोग्रामना असा फॉन्ट दिसत नाही. वर्डमध्ये फॉन्ट दिसतो आणि पेजमेकरच्या यादीत नाही, हे कोडे पुष्कळ वेळा येथेच सुटते. फॉन्टवर उजवे क्लिक करून, गरज पडल्यास आणखी पर्याय उघडून, ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ बसवण्याचा पर्याय निवडावा. शिवाय जुन्या संगणकावर होत्या त्याच फाइली बसवाव्यात. एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अक्षरांची रुंदी किंचित निराळी असू शकते, आणि मग ओळी सरकून चार पानांचा मजकूर पाचव्या पानावर जातो.

ओळी सरकण्याचे आणखी एक कारण प्रिंटर हे आहे. पेजमेकर पानाची जुळणी एखादा प्रिंटर गृहीत धरून करतो, आणि डॉक्युमेंट सेटअपमध्ये तो प्रिंटर निवडण्याची जागाही आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच ठरवण्याची सोय आहे. ती सुरू असेल, तर शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. सकाळी लेझरवर प्रूफ काढले, दुपारी पीडीएफ केली आणि संध्याकाळी फाइल उघडली तर पेजमेकरपुढे प्रिंटर वेगळाच असतो. म्हणून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी आणि एक प्रिंटर कायमचा ठरवून टाकावा. डिफॉल्ट म्हणून नेटवर्कवरचा, कधी चालू कधी बंद असणारा प्रिंटर ठेवू नये.

छपाईच्या प्लेटसाठी पीडीएफ करायची असेल, तर पेजमेकरमधली थेट पीडीएफची आज्ञा अ‍ॅक्रोबॅट डिस्टिलरवर अवलंबून असते आणि डिस्टिलर नसेल तर ती चालत नाही. अशा वेळी पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेत फाइल काढणारा एक प्रिंटर ड्रायव्हर बसवून त्याचा पोर्ट म्हणून प्रिंटरऐवजी फाइल निवडावी, पानांची पोस्टस्क्रिप्ट फाइल काढावी आणि ती डिस्टिलरने किंवा मोफत मिळणाऱ्या घोस्टस्क्रिप्टने पीडीएफमध्ये बदलावी. विंडोजचा स्वतःचा पीडीएफ प्रिंटर प्रूफसाठी पुरेसा आहे, परंतु रंग वेगळे करून चार प्लेट काढायच्या कामासाठी पोस्टस्क्रिप्टचाच मार्ग विश्वासाचा आहे.

टंकनाचे सॉफ्टवेअर, म्हणजे की-बोर्डच्या कळा मराठीत बदलून देणारा भाग, हा पेजमेकरपेक्षा नाजूक असतो, कारण तो विंडोजच्या आत शिरून काम करतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरणाऱ्यांनी या भागाची नवी आवृत्तीच घ्यावी, असे मला वाटते. पेजमेकरला पर्याय नाही म्हणून तो जुना ठेवणे समजण्यासारखे आहे. जो भाग आजही विकला जातो आणि ज्याला नव्या विंडोजचे पाठबळ आहे, तो जुनाच चालवण्यात श्रम वाया जातात.

लॉक आणि ड्रायव्हर

सॉफ्टवेअरसोबत आलेले लॉक हा पुष्कळदा शेवटचा अडसर ठरतो. ६४ बिटच्या विंडोजला ड्रायव्हरही ६४ बिटचा आणि डिजिटल स्वाक्षरी असलेलाच लागतो. म्हणून मूळ सीडीवरचा लॉकचा ड्रायव्हर बसवण्याचा आग्रह धरू नये. हॅस्प जातीच्या यूएसबी लॉकसाठी सेंटिनेल या नावाचा नवा रनटाइम थेल्स या कंपनीकडून मिळतो. लॉक काढून ठेवावे, नवा रनटाइम बसवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच लॉक लावावे. लॉक नेमके कोणत्या जातीचे आहे हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला विचारून घ्यावे.

प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागणारी जुनी रुंद लॉके ही कठीण बाब आहे. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल त्यासाठी घेऊ नये. ती केबल संगणकाला केवळ एक यूएसबी प्रिंटर असल्याचे सांगते, खरा पॅरलल पोर्ट तयार करत नाही, त्यामुळे त्यावर प्रिंटर चालतो, लॉक चालत नाही. डेस्कटॉप संगणकात पॅरलल पोर्टचे पीसीआय एक्सप्रेस कार्ड घालून काही वेळा मार्ग निघतो. लॅपटॉपवर तो नाही. कंपनी अस्तित्वात असेल, तर लॉक बदलून यूएसबीचे मागणे हाच सरळ रस्ता आहे.

विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा असते आणि ती काही जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार किंवा ग्राहकांची माहिती आहे, त्यावर एका जुन्या लॉकसाठी ही सुरक्षा काढू नये. त्यापेक्षा पुढे दिलेला आभासी संगणकाचा मार्ग घ्यावा. नवा लॅपटॉप घेताना त्याचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आहे ना, तेही पाहावे. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरवर जुने ३२ बिटचे प्रोग्राम कदाचित चालतील, पण इंटेलसाठी लिहिलेले ड्रायव्हर चालत नाहीत.

डॉसचे प्रोग्राम

फॉक्सप्रो किंवा क्लिपरमधले हिशेबाचे प्रोग्राम चालवण्यासाठी डॉसचे अनुकरण करणारे सॉफ्टवेअर लागते. डॉसबॉक्स सर्वांना माहीत असते, परंतु ते मुख्यतः खेळांसाठी बनलेले आहे आणि छपाईची सोय त्यात नाही. कार्यालयीन कामासाठी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस पाहावे. डॉसबॉक्स-एक्समध्ये छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवण्याची सोय संरचनेच्या फाइलमध्ये करता येते, आणि व्हीडॉस मजकुरावर चालणाऱ्या प्रोग्रामसाठीच तयार केलेले आहे. विंडोज ३.१ च्या काळातल्या १६ बिटच्या प्रोग्रामसाठी ओटीव्हीडीएम हे मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडते.

टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्राम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडत असेल, तर फाइल बिघडलेली नसते. तो प्रोग्राम सुरुवातीला संगणकाचा वेग मोजतो आणि वेग अपेक्षेपेक्षा फार जास्त असल्याने त्याचा भागाकार चुकतो. डॉसबॉक्समध्ये सायकल्सची संख्या (म्हणजे आतल्या प्रोसेसरचा वेग) कमी केली, की तो सुरळीत चालू लागतो.

हिशेबाचा एकच डेटा दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी उघडला जात असेल, तर विशेष काळजी घ्यावी. फॉक्सप्रो नोंदी कुलूपबंद करून दोघांचे लेखन एकमेकांवर जाऊ देत नाही, पण साधे डॉसबॉक्स ती कुलपे पाळेल असा भरवसा धरता येत नाही. व्हीडॉसमध्ये ही सोय आहे. तरीही आधी डेटाच्या प्रतीवर दोन संगणकांवरून एकच नोंद बदलून पाहावी आणि खात्री झाल्यावरच खरा डेटा जोडावा.

आभासी संगणक

वरच्या कशानेही काम झाले नाही, तर विंडोज ११ च्या आत जुने विंडोज बसवता येते. ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स त्यासाठी मोफत मिळते. आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबवर सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ सुरू आहे का ते पाहावे. नसल्यास संगणक चालू होताना बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते सुरू करावे.

नवा आभासी संगणक तयार करताना प्रकार म्हणून विंडोज एक्सपी ३२ बिट निवडावे, १ जीबी रॅम, एक प्रोसेसर आणि २० जीबीची डिस्क द्यावी. डिस्कचा कंट्रोलर आयडीई असावा. साटा निवडल्यास एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसल्याने बसवतानाच निळा पडदा येतो. एक्सपीची मूळ सीडी आणि आपल्या मालकीची की लागते. जुन्या संगणकासोबत आलेला परवाना बहुधा त्याच संगणकापुरता असतो, हे ध्यानात ठेवावे. विंडोज बसल्यावर गेस्ट अ‍ॅडिशन्स बसवाव्यात, म्हणजे पडदा नीट दिसतो आणि दोन्ही बाजूंना दिसणारा सामायिक फोल्डर करता येतो. यूएसबी लॉक असल्यास यूएसबीच्या सेटिंगमध्ये त्याचे नाव जोडावे, म्हणजे ते आपोआप आतल्या विंडोजकडे जाते आणि तेथे एक्सपीचा मूळ ड्रायव्हर चालतो.

यानंतर नेटवर्क तोडावे, आणि हे ऐच्छिक समजू नये. एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आहेत. आभासी नेटवर्क कार्ड काढून टाकले तरी सामायिक फोल्डर चालतो, त्यामुळे कामाचे काहीच अडत नाही. पेजमेकरची फाइल सामायिक फोल्डरमधून थेट उघडण्याऐवजी आतल्या डिस्कवर घ्यावी, काम झाले की परत बाहेर ठेवावी. छपाईही आतून करण्याची गरज नाही. पोस्टस्क्रिप्ट फाइल सामायिक फोल्डरमध्ये काढून बाहेरच्या विंडोजवरून पुढचे काम करावे.

सगळे बसवून झाल्यावर एक स्नॅपशॉट घ्यावा. पुढे काही बिघडले तर त्या स्थितीला परत जाता येते, मात्र परत जाताना आतल्या डिस्कवरचे मधल्या काळातले काम नाहीसे होते. म्हणून स्नॅपशॉटला बॅकअप समजू नये आणि दिवसाच्या शेवटी फाइली बाहेर आणण्याचा नियम पाळावा. आभासी संगणकाचा पूर्ण फोल्डर, तो बंद असताना, बाहेरच्या डिस्कवर उतरवला की तोच पुढच्या नव्या संगणकावरही जसाच्या तसा चालवता येतो.

फाइली बाहेर काढण्याचे काम

प्रोग्राम चालू लागल्यावर लगेच दुसरे काम हाती घ्यावे. प्रत्येक जुन्या प्रकाशनाची पीडीएफ करावी आणि त्यात फॉन्ट समाविष्ट झाले आहेत का ते पाहावे. अ‍ॅडोबी इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० ते ७.० च्या फाइली उघडतात, त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांत ती सोय नाही. म्हणून ज्यांच्याकडे सीएस६ आहे त्यांनी ती काढून टाकू नये आणि महत्त्वाच्या फाइली तिच्यातून नव्या रूपात उतरवून घ्याव्यात. मजकूर युनिकोडमध्ये बदलताना त्या-त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर वापरावा, आणि बदललेल्या पानावर र चे रफार, ‘ऱ्य’ आणि ‘श्र’ सारखी अक्षरे व अवतरणचिन्हे नजरेखालून घालावीत, कारण बहुतेक चुका तेथेच राहतात. हिशेबाच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडून तपासता येतात. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये त्या वर्षी वापरलेल्या फॉन्टच्या फाइली आणि त्या फॉन्टचे नाव लिहिलेली एक साधी मजकूर फाइल ठेवावी. पेजमेकरची पीएमडी फाइल आहे पण फॉन्ट नाही, अशा स्थितीत उघडलेले पान वाचण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.